ढेकूण नसलेलं घर

आमच्या घरात ढेकूण नव्हते, आणि गल्लीला नेमका त्याचाच संशय होता.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. धुळ्यात आम्ही राहायचो ती सहा खोल्यांची बैठी चाळ होती. एका ओळीत सहा दारं, सहा ओटे, मागे सामाईक नळ आणि नहाणी. भिंती एकीला एक इतक्या चिकटलेल्या की शेजारी कुणी खल-बत्ता कुटायला घेतला की आमच्या फळीवरची पितळी पातेली किणकिणायची. पाच खोल्यांत ढेकूण होते. उन्हाळ्यात त्या पाचही घरांची माणसं खाटा ओट्यावर आणून आपटायची, फटींत सुई घालायची, गाद्यांच्या शिवणी दिव्याच्या उजेडात तपासायची. मधली तिसरी खोली आमची. आम्ही निवांत झोपायचो.

"ढेकूण तुमच्या भिंतीपाशी येऊन परत फिरतात का गं?" अक्का मला विचारायच्या. अक्का म्हणजे आमच्या डाव्या भिंतीपलीकडच्या बाई. पन्नाशीच्या, अंगाने जाड, बोलायला गोड. त्या हसत विचारायच्या, पण उत्तर ऐकताना त्यांचे डोळे हसत नसत.

संशयाला कारण होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते गावोगाव फवारणी करणाऱ्या सरकारी पथकात होते. खांद्याला पंप, हातात बादली, डोक्याला फडकं. पावसाळ्याच्या आधी त्यांचं पथक साक्रीकडे, शिरपूरकडे जायचं आणि घरोघरी भिंतींवर डासांचं औषध मारायचं. खेड्यातले लोक म्हणायचे, भिंती पांढऱ्या होतात, आत येऊ नका. आणि तेच लोक मागच्या दाराने येऊन हळूच म्हणायचे, भाऊ, ढेकणांसाठी मूठभर कोरडी पावडर द्या ना. ती पावडर मोजून यायची, मोजून संपवायची. पण अशी मूठभर इकडेतिकडे जाते हे सगळ्यांना माहीत होतं. मग फवारणीवाल्याच्या स्वतःच्या घरात ढेकूण नसतील, तर माणूस काय समजणार?

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण गल्लीपेक्षा माझा संशय मोठा होता. कारण मी घरात राहत होते आणि मायला रोज बघत होते.

भाऊ कामावरून आले की माय त्यांना पहिल्यांदा 'आले का' असं म्हणायची नाही. ती उंबऱ्यावर उभी राहून हात आडवा करायची. भाऊ मुकाट्याने बाहेरूनच मागे नहाणीकडे जायचे. तिथे त्यांच्यासाठी धुतलेला लेंगा-बंडी आधीच ठेवलेली असे. कामाचे खाकी कपडे मागच्या भिंतीवरच्या एका खिळ्याला. त्या खिळ्याला दुसरं काही अडकवायचं नाही. ते कपडे धुवायची बादली वेगळी, दगड वेगळा. इतकं मी समजू शकत होते. पण भाऊ अंघोळीला गेले की माय त्या खाकी पँटचे खिसे उलटे करायची. शर्टाचा खिसाही. जेवणाचा डबा उघडून नाकाशी न्यायची. पिशवीचा तळ बोटांनी चाचपायची. मैत्रिणींच्या आया खिशात विडी-काडी शोधतात हे मी ऐकलं होतं. भाऊ विडी ओढत नव्हते. मग ही रोज काय शोधते?

माझ्या मनाने उत्तर काढलं ते असं की, भाऊ काहीतरी लपवून आणतात आणि मायला ते माहीत आहे.

दिवसभर माय घर घासण्यात असायची. दुकानातली कसलीच पावडर, साबणाची वडी किंवा फिनेल आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं मला आठवत नाही. तिचं माहेर पाचोरा तालुक्यात, गिरणेच्या काठी. तिथे आजोबांच्या शेतात केळी होती. घड उतरवल्यावर उरलेले खांब वाळवून जाळायचे आणि ती राख पोत्यात भरून ठेवायची. वर्षातून दोनदा आम्ही धुळ्याहून चाळीसगावला आणि तिथून गाडी बदलून पाचोऱ्याला जायचो, आणि येताना त्या राखेचं गाठोडं मांडीवर घेऊन यायचो. राखेवर पाणी ओतून माय ते रात्रभर निवळू द्यायची. वरचं निवळ पाणी काढून त्यात पांढरे कपडे उकळायची. लुगडी आणि माझे फ्रॉक रिठ्यात. भांडी चुलीच्या राखेने, पितळ चिंचेने. ओटा दर आठवड्याला शेणाने सारवलेला, आतली शहाबादी फरशी कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने पुसलेली. आणि दर रविवारी, काही झालं तरी, खाट बाहेर. तीन पातेली पाणी खळखळ उकळायचं आणि ते खाटेच्या प्रत्येक सांध्यात ओतायचं. गाद्या दिवसभर उन्हात, दुपारी उलटायच्या. संध्याकाळी खाली वाळलेल्या निंबाच्या डहाळ्या घालून परत अंथरायच्या. माझे हात कोपरापर्यंत त्या पाण्याने लाल झालेले असत. मला त्याचा राग यायचा. घरात औषध आणणारा माणूस असताना हे सगळं कशाला? म्हणजे हे नुसतं दाखवायला असणार, असं मला वाटे. लोकांना दिसावं म्हणून.

त्या चैत्रात ढेकूण फार झाले. अक्कांच्या नातवाच्या पाठीवर लाल गांधी उठल्या होत्या. एका दुपारी अक्का वाटी घेऊन आमच्याकडे आल्या. त्या बसल्या, पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, "जास्त नको. ही एवढी वाटी. पोराला झोप नाही गं."

माय भाकरीचं पीठ चाळत होती. ती म्हणाली, "कसली वाटी, अक्का?"

"आता माझ्याकडून वदवून घेते का? तुमच्याकडे असते ती."

"आमना घरमा तसलं काही नही."

"मग ढेकूण कुठे गेले तुमचे?"

"रविवारी या. मी दाखवते. पाणी उकळायला माझी पातेली देते, निंबाचा पाला देते. दोघी मिळून तुमची खाट करू."

अक्का उठल्या. वाटी पदराखाली घेतली. दारात वळून म्हणाल्या, "तुम्हाला पावडर आणि आम्हाला पाला. बरं आहे."

माय चाळणी हलवत राहिली. मी तिच्याकडे बघत होते. ती खोटं बोलली का खरं, हे तिच्या तोंडावरून कळेना. आपल्याच आईच्या चेहऱ्यावर असं काही शोधणं ही फार वाईट गोष्ट आहे, पण मी ते केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा माय नळावर होती. मी धान्याच्या कोठीवर चढले आणि तिथून माळ्यावर डोकावले. पापडाची डाळ, जुनी रजई, आणि भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेला एक पत्र्याचा डबा. झाकणावरून फडकं बांधलेलं, फडक्याला तीन गाठी. मी दोन गाठी सोडवल्या. तिसरी सोडवताना झाकण तिरकं झालं आणि आत करडी पूड दिसली. उग्र, तेलकट वास आला.

"हात लावू नको!"

माय खाली उभी होती. तिने माझा पाय धरून मला खाली ओढलं, फरफटत नळावर नेलं आणि माझे हात चोळून चोळून धुतले. मग एक चपराक दिली. त्या दिवसापर्यंत तिने मला कधी मारलं नव्हतं.

"काय शे त्यात?" मी रडत विचारलं.

"तुले काय करनं? परत चढलीस तर बघ."

तेवढं पुरेसं होतं. मला आता कुणाच्या उत्तराची गरज उरली नव्हती. भाऊ पावडर आणतात, माय ती माळ्यावर ठेवते आणि खिसे यासाठी तपासते की दुसरं कुणी पाहण्याआधी काढून घ्यावी. अकरा वर्षांच्या डोक्यात ते सगळं चपखल बसलं.

दोन दिवसांनी अक्कांनी मला हाक मारली. ओट्यावर बसवलं. हातावर गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवला. माझ्या गालाकडे बघून म्हणाल्या, "मायने मारलं म्हणे?"

मी मान हलवली.

"कशापायी?"

मी लाडू खात होते. मला मायचा राग आला होता, आणि मोठ्या माणसांचं आपल्याला एक गुपित कळलंय याची ऐटही होती. मी म्हणाले, "माळ्यावर डबा आहे. त्याला हात लावला म्हणून."

"कसला डबा?"

"पावडरीचा."

अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी माझी," म्हणाल्या, आणि दुसरा लाडू दिला. दुसरा लाडू मला गिळवेना. पण बोललेलं परत घेता येत नाही.

पंधरा दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. भाऊ कामावर जायच्या तयारीत होते. जीपमधून त्यांचे साहेब उतरले, आणि मागून पथकातले नाना. नाना भाऊंपेक्षा दहा वर्षांनी मोठे, पांढऱ्या मिशांचे, आमच्या घरी दिवाळीला येणारे. त्यांनी भाऊंकडे पाहिलं नाही. खाली बघत चपला काढल्या.

साहेब म्हणाले, "एक अर्ज आलाय. सही नाही. पण आला म्हणजे पाहावं लागतं."

"कसला अर्ज?" भाऊंनी विचारलं.

"सरकारी पावडर तुम्ही घरी आणता, साठवता, असा."

ओट्याओट्यावर बायका आल्या. अक्काही आल्या, हातात झाडू घेऊन, जणू झाडायलाच निघाल्या होत्या. भाऊंचा चेहरा असा झाला की मी नजर फिरवली. त्यांनी काही बोलण्याआधी माय पुढे आली. डोक्यावरून पदर घेतला आणि दार पूर्ण उघडलं.

"बठ्ठं घर दखी ल्या, साहेब. काही सोडू नका."

साहेबांनी खरोखर सगळं पाहिलं. गाद्या उलटल्या, कोठीत हात घातला, चुलीमागची राखेची मडकी नानांकडून रिकामी करून घेतली. साहेब खालच्या पट्टीत, सौजन्याने बोलत होते, आणि त्यामुळे ते जास्त लागत होतं. मग त्यांनी वर पाहिलं. "माळ्यावर काय आहे?"

मी दाराआड उभी होते. साहेबांनी माळ्याचं विचारलं ते अर्ज वाचून, आणि अर्जात माळा आला होता तो माझ्या तोंडून.

नाना कोठीवर चढले आणि डबा खाली आणला. तीन गाठी. साहेबांनी झाकण उघडलं आणि भाऊंकडे पाहिलं. भाऊ डब्याकडे बघत होते. ते पहिल्यांदाच पाहत असावेत असं मला वाटलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"सीताफळाच्या बिया," माय म्हणाली. "वाळवून, फोडून दळलेल्या. खाटेच्या सांध्यात टाकते. उवांनाबी चालते. डोळ्यात गेली तर डोळा जातो, म्हणून पोरीपासून वर ठेवते."

"सीताफळाच्या बिया," साहेबांनी तेच शब्द परत म्हटले. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे कुणालाही कळलं असतं.

माय मागे गेली आणि एक फडक्याची पिशवी घेऊन आली. जमिनीवर उपडी केली. काळ्याभोर बिया शहाबादीवर टपटप पसरल्या. तिने परसातला छोटा पाटाही दाखवला, जो ती स्वयंपाकाला कधी वापरत नसे, आणि तोंडाला बांधायचं फडकंही. साहेब म्हणाले, "बिया असतील हो. पण डब्यात त्याच आहेत कशावरून? वरून मिसळता येतं."

तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले. "वहिनी, पेलाभर पाणी द्या. काचेचा पेला असला तर बरं."

मायने पाणी दिलं. नानांनी डब्यातली चिमूट पाण्यात टाकली आणि पेला दारातल्या उजेडात धरला. "साहेब, आपली पावडर पाण्यात पडली की पाणी दुधासारखं होतं. तीस वर्षं मी ते पाणी ढवळतोय. हे बघा."

पाणी स्वच्छ होतं. वर तेलाचा तवंग आला होता आणि काळ्या टरफलांचे कण तरंगत होते.

साहेबांनी पेला हातात घेऊन हुंगला. मग एका कागदात थोडी पूड बांधून घेतली. "मला वर दाखवावं लागेल. तोपर्यंत कामावर येऊ नका." जीप गेली. जाताना नाना भाऊंच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. भाऊंनी खांदा काढून घेतला.

"यानेच लिहिलं," भाऊ घरात येऊन म्हणाले. "याला माझ्या वाट्याची गावं हवी होती. पेल्याचं नाटक कशाला केलं? आपण नामानिराळे राहावं म्हणून."

"नाना नही," माय म्हणाली. "भिंतीपलीकडचं काम शे हे."

ते नानांवर संशय घेत राहिले, ती अक्कांवर. गल्ली आमच्यावर. माझ्यावर मात्र कुणाचाच नव्हता. मी शाळेत जायचे, यायचे, रिठे फोडायचे आणि ऐन हंगामात भाऊंना ओट्यावर बसलेलं बघायचे. येणारेजाणारे म्हणायचे, "काय भाऊ, सुटी?" भाऊ पेपर वर धरायचे. मायचं काम तेवढंच चालू होतं, उलट वाढलं होतं. तिने त्या आठवड्यात भिंतींना चुना मारला. साहेबांनी रिकामी केलेली मडकी परत भरली. रविवारी खाट बाहेर काढली, आणि सगळी गल्ली बघत असताना सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतलं.

त्या रविवारी मला राहवलं नाही. गादी उलटताना मी तिला सांगितलं. लाडू, डबा, सगळं. मार खायच्या तयारीने डोळे मिटून सांगितलं.

तिने मारलं नाही. गादीवर बसली. पदराला हात पुसून म्हणाली, "तुले काय वाटनं? भाऊ आणतात असं?"

"हो. तू खिसे बघतेस ना त्यांचे."

मग तिने मला ते सांगितलं, जे तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी वर्षाची असताना आम्ही चाळीसगावला होतो. भाऊ नवे लागले होते. तिथे ढेकूण होते आणि मी रात्रभर रडायचे. एक दिवस भाऊंनी खिशातून पुडी आणली. चांगल्या मनाने आणली, माय म्हणाली. गादीखाली टाकली, खाटेला चोळली. ढेकूण दोन दिवसांत गेले. भाऊ इतके खूश झाले की त्यांनी समोरच्या घरीही एक पुडी दिली. आमच्याकडे एक मांजर होतं, नुकतं व्यायलेलं, ते त्याच गादीवर झोपायचं. चौथ्या दिवशी ते थरथरायला लागलं. चालताना पडायचं, उठायचं, पडायचं. मग ते मेलं. त्याच्या मागे तिन्ही पिल्लं गेली. त्यांनी आईचं अंग चाटलं होतं, तिचं दूध प्यायलं होतं.

"आणि त्या गादीवर तू रांगत व्हती," माय म्हणाली. "तूबी मन्हं दूध पी ऱ्हायनी व्हती."

तिने ती गादी गावाबाहेर नेऊन खोल पुरली. खोली धुतली, मग परत धुतली, किती वेळा ते तिला आठवत नव्हतं. माझ्या अंगाला हात लावून लावून बघत बसायची, थरथरतं का म्हणून. पुढे कित्येक महिने. भाऊंनी शपथ घेतली की परत आणणार नाही. त्यांनी परत आणली नाही.

"मग खिसे का बघतेस अजून?"

"अजून बघते," ती म्हणाली. तेच उत्तर होतं.

"तुझी ती बियांची पूडपण विषच आहे ना?"

"शे ना. पण मी दळलेली. कुठे टाकली, किती टाकली, माले माहीत शे. ती गादीत नही, सांध्यात टाकते. आणि वरून उकळतं पाणी." मग ती उठली आणि मला म्हणाली, "भाऊले सांगू नको. तू अक्काले सांगितलंस हे. ते आधीच काचेच्या पेल्यासारखे झालेत, हात लावला की तडकतील." मी मान हलवली.

बाराव्या दिवशी नाना सायकलवरून आले. ओट्याखाली उभं राहूनच म्हणाले, "उद्यापासून या. वरून आलं, आपली पावडर नाही." नंतर कळलं की वरून काहीच आलं नव्हतं; कागदातली पुडी साहेबांच्या टेबलावर तशीच पडून होती. नाना रोज जाऊन तिची आठवण करून देत होते आणि शेवटी त्यांनी साहेबांना लिहून दिलं की या माणसाची हमी मी घेतो. त्या दिवाळीला मायने केलेले पापड घेऊन ते नानांच्या घरी गेले आणि रात्रीचं जेवूनच परतले. माफी मागितली की नाही, कोण जाणे.

अक्कांचं काय करायचं, हे मायने स्वतः ठरवलं. पुढच्या रविवारी ती सकाळीच आमची तिन्ही पातेली, लाकडं आणि निंबाच्या डहाळ्या घेऊन अक्कांच्या ओट्यावर गेली. मला बरोबर नेलं. अक्कांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं भांडण आलं.

"खाट काढा," माय म्हणाली.

"कशाला गं? राहू दे. मी काही बोलले का?"

"तुम्ही काही बोलल्या असं मी म्हणाले का? काढा खाट."

दोघींनी मिळून खाट बाहेर आणली. मी पाणी आणत राहिले. पहिलं पातेलं सांध्यात ओतलं आणि फटीतून ढेकूण बाहेर आले, इतके, की रस्त्याने जाणारा माणूस थांबला. अक्का तोंडावर पदर घेऊन बघत होत्या. दुसऱ्या पातेल्याला त्यांनी स्वतः हात लावला. दुपारपर्यंत तोंडातून शब्द न काढता त्या दोघी राबल्या. अक्का मायकडे तिरक्या नजरेने बघायच्या, ही आता विचारेल, आता विचारेल. मायने विचारलं नाही. घरी येताना मी म्हणाले, "तू त्यांना काहीच कसं म्हणाली नाहीस?"

"त्यांचे ढेकूण भिंतीतून माझ्या घरात येतात," ती म्हणाली. "मी काय धर्म करत नव्हते."

तीन-चार उन्हाळ्यांत त्या ओळीतल्या चार खोल्यांच्या खाटा रविवारी बाहेर दिसू लागल्या. पाचव्या घरच्यांनी दुकानातून ढेकणांच्या विषाची डबी आणली. माय त्या घरच्या लहान मुलीला आमच्या ओट्यावर बोलावून तिचे हात आधी धुवायची, मग खाऊ द्यायची.

नव्वदीच्या मध्यात भाऊ निवृत्त झाले आणि दोघं माझ्याकडे जळगावला राहायला आली. मी शिक्षिका झाले होते, कॉलनीत माझं घर होतं. मायने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या कट्ट्याखालच्या माझ्या सगळ्या बाटल्या एका पेटीत भरून दाराबाहेर ठेवल्या. मी भांडले नाही.

एका दुपारी भाऊ आणि मी व्हरांड्यात बसलो होतो. माय आत झोपली होती. वर्तमानपत्रात फवारणीच्या कुठल्याशा औषधाबद्दल काही आलं होतं, ते वाचून त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"तो अर्ज," ते म्हणाले. "धुळ्याचा. तुला आठवतो?"

"आठवतो."

"कुणी लिहिला असेल?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लपवण्यासारखं वय राहिलं नव्हतं. मी सांगितलं. अक्कांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतला असेल, पण डब्याचं मीच बोलले होते. ते ऐकत होते.

"तू बोललीस," ते म्हणाले.

"हो भाऊ. मायला तेव्हाच सांगितलं होतं. तिने तुम्हाला सांगू दिलं नाही."

"मला वाटलं, तुझ्या मायने लिहिला."

"मायने?"

"तिला माझं काम नको होतं. चाळीसगावपासून नको होतं. दार उघडून 'बठ्ठं घर दखी ल्या' म्हणाली, तेव्हा मला वाटलं, हिला माहीत होतं हे येणार म्हणून. इतकी निर्धास्त कशी?"

"नानांचं नाव तर तुम्ही घेत होतात."

"नाना बाहेरचे. त्यांचं नाव घेता येत होतं."

"इतकी वर्षं? एकदा विचारायचं तरी."

त्यांनी पेपरची घडी पुन्हा मोडली. "विचारलं असतं," ते म्हणाले, "आणि ती हो म्हणाली असती तर?"

संध्याकाळी मी हे मायला सांगितलं. सांगावं की नाही याचा दुपारभर विचार केला, आणि मग सांगितलंच. ती परातीत रिठे निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"वेडे शेत ते," ती म्हणाली. "मला लिहायचंच असतं तर चाळीसगावलेच लिहिलं असतं. धुळ्यापर्यंत कोण थांबतं?"

मग तिने परात बाजूला केली, व्हरांड्यात गेली आणि भाऊंच्या शेजारच्या खुर्चीत बसली. दोघं काय बोलले ते मला आतून ऐकू आलं नाही. अंधार पडेपर्यंत ती दोघं तिथेच होती. मी दिवा लावायला गेले तेव्हा भाऊ म्हणाले, राहू दे, किडे येतील, आणि माय हसली.